मतदारयादीत पाटलीणबाईंचं नाव

निजामाच्या राज्यात आम्हाला मत नव्हतं. पण त्याची उणीव कुणाला जाणवली नाही, कारण असं काही असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटच्या काही वर्षांत हैदराबादेत प्रजेचे प्रतिनिधी बसतात असं कानावर यायचं. आमचाही कुणी होता म्हणे. तो कोण हे आम्हाला कळलं नाही, आम्ही कोण हे त्याला कळलं नसणार. दोन्ही बाजूंनी हिशेब सारखा होता.

मी तेव्हा जळकोटच्या पलीकडं एका खेड्यात शाळामास्तर होतो. शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि भाषा सरकारी, म्हणजे उर्दू. ती पोरांना येत नव्हती आणि मारुतीलाही.

मग पोलीस ॲक्शन झाली आणि राज्य बदललं. तालुक्याच्या कचेरीत तहसीलदाराच्या हाताखालचा पेशकार मात्र जुनाच राहिला. त्याची रुमी टोपी जाऊन पांढरी टोपी आली, खालचं डोकं होतं तेच. काही महिन्यांनी त्यानं मला बोलावून घेतलं.

"मास्तर, तुम्हाला मराठी लिहिता येतं. एकवीस वर्षांच्या वरच्या प्रत्येक माणसाचं नाव पाहिजे. बायकांचं पण."

"बायकांचं कशाला?" मी विचारलं. आज लाज वाटते, पण विचारलं खरं.

"दिल्लीचा हुकूम. आणि अमक्याची बायको, तमक्याची आई चालणार न्हाय. स्वतःचं नाव लागंल."

पुढं कुणीतरी नकाशावर रेघा ओढून आम्हाला पार तेर गावापर्यंतच्या अनोळखी लोकांबरोबर एका मतदारसंघात बसवणार होतं. आपला खासदार आपण निवडायचा, असं ठरलं होतं. त्याआधी आपण कोण हे लिहून काढायचं काम माझ्याकडं आलं.

सुरुवात पाटलांच्या ढाळजेपासून, म्हणजे दारातल्या बैठकीपासून केली. पाटलांनी स्वतःचं नाव सांगितलं, भावाचं सांगितलं.

"पाटील, घरातल्या बायका?"

"त्यांचं काय?"

"नावं."

पाटलांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "मास्तर, आमच्या घरी चहा पिताव, आन् आमच्या बायकूचं नाव कागदावर घालून परगावी धाडताव व्हय? सरकारला कळवा, पाटलाच्या घरात बायकाच न्हायत."

पाटलांना पाच लेकरं होती. ती कुठून आली हे सरकारनं विचारलं नव्हतं, म्हणून मीही विचारलं नाही.

इतर घरांत कुणी असा उद्धटपणा केला नाही. तिथं नवरे बायकोचं नाव घ्यायला लाजत होते आणि बायका स्वतःचं. "ह्यांची मंडळी लिवा," असं दाराआडून सांगायच्या, आणि 'हे' म्हणजे कोण, ते तर त्यांना सांगताच येत नव्हतं. संध्याकाळी माझ्या कागदावर अर्धं गाव कुणाची तरी आई होतं.

तेवढ्यात गावची सुईण देवळावरून चालली होती. साठीच्या पुढची विधवा, काटक, जिभेची तिखट. माझा अवतार बघून थांबली.

"काय मास्तर, सरकारला गावाचं बारसं घालायचंय का?"

मी अडचण सांगितली. ती तिथंच पायरीवर बसली. "मला इच्यारा. समद्यांची बाळंतपणं म्या केलीत. कळा आल्या की नावानंच हाक मारावी लागती. पाटलीणबाई म्हणून लेकरू भायेर येत न्हाय."

दोन दिवस ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. वयंही तिनंच दिली. ही प्लेगच्या साली रांगत होती, तिचं लगीन दुष्काळाच्या आदल्या वर्षी. सरकारी खात्यात यापेक्षा खात्रीची माहिती मी कधी पाहिली नाही. पाटलांच्या घराशी आल्यावर मी टाक थांबवला.

"आजी, पाटलांनी नको म्हटलंय."

"पाटलाचं नाव लिवताव का पाटलिणीचं?"

मी लिहिलं. खुद्द पाटलीणबाईंना मात्र आम्ही दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

शेवटी सुईणीला तिचं स्वतःचं नाव विचारलं, तेव्हा तिनंच उलट सवाल केला. "लग्नातलं, का आईनं ठेवलेलं?"

"कुठलंही एक."

"आईनं ठेवलेलं लिवा. दुसऱ्या नावानं हाक मारणारं मानूस सा म्हैन्यातच गेलं."

यादी चावडीवर लागली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ती मोठ्यानं वाचली. कित्येक पुरुषांना शेजारणीचं नाव त्या दिवशी कळलं आणि गावाची अब्रू गेली. पाटील तडक तालुक्याला गेले. पेशकारानं सांगितलं, "ज्याचं नाव त्यानंच समक्ष येऊन हरकत घ्यायची." हे लोकशाहीवरच्या प्रेमापोटी नव्हतं. पान पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा होता.

मग पाटलांनी छपराच्या गाडीला पडदे लावले, पाटलीणबाईंना आत बसवलं आणि गुन्हेगार म्हणून मलाही बरोबर घेतलं. कचेरीत त्या पदर ओढून उभ्या राहिल्या. पेशकारानं मान वर न करता नाव वाचलं.

"हे तुमचंच?"

"व्हय."

"काढून टाकायचं?"

"काढा म्हण," पाटील म्हणाले.

पदराआडून आवाज आला, "नगं. ऱ्हाऊ द्या."

"काय म्हणलीस?"

"माझंच हाय. ऱ्हाऊ द्या."

आवाज चढलेला नव्हता. पाणी आणू का, असं विचारावं तसा होता. पेशकारानं वही मिटली, हरकत नामंजूर केली आणि पान खायला निघून गेला. पाटील जोड्यांकडं बघत उभे राहिले. मला आनंद झाला होता, पण तो चेहऱ्यावर आणायची माझी छाती नव्हती.

परतताना पाटील पुढं गाडीवानाशेजारी बसले, मी मागं दांडीवर. दोन कोस मागं पडले. मग पडद्यातून हळूच विचारणा झाली, "मास्तर, लिवल्यावर कसं दिसतंय?"

मी खिशातल्या कागदावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून पडद्यातून आत दिलं.

"उलटं तर धरलं न्हाय ना म्या?"

मला काही दिसत नव्हतं, तरी म्हणालो, "बरोबर धरलंय."

पाटलांना ऐकू गेलंच असणार. त्यांनी बैलाला उगाच एक चाबूक मारला.

पंधरा दिवसांत माझी बदली सरहद्दीवरच्या अशा गावी झाली, जिथं पोरं घरी कानडी बोलायची. गावातल्यांना पाटलांनी मास्तरांची बढती झाल्याचं सांगितलं. पुढं पहिली निवडणूक आली, तेव्हा हेच पाटील गाड्या भरभरून बायकांना मतदानाला घेऊन गेले आणि स्त्रियांना जागं करणारे म्हणून सभेत हार घालून आले. आमच्या मतदारसंघाचा इतिहास कुणी लिहिलाच, तर त्यात ते असतील.

सुईण निवडणुकीच्या आधीच्या पावसाळ्यात वारली. यादीतलं तिचं नाव कुणी काढलं नाही, आणि तिचं मत पडलं म्हणतात. कुणी टाकलं, ते विचारायला मी तिथं नव्हतो.