भोंगा वाजवायचा नाही

वहिनींची अट एकच होती. "दौडीला झेंडा दाखवायला येईन. पण बंबाचा भोंगा वाजवायचा नाही."

मी वहीत लिहून घेतलं. क्रमांक सात : भोंगा नाही.

त्यांचे यजमान अग्निशमन दलात होते. मागच्या उन्हाळ्यात शहराबाहेरच्या कातळी सड्यावर वणवा पेटला. काजूच्या बागा वाचवताना वारा फिरला आणि ते आणि त्यांचा एक सहकारी परत आले नाहीत. दोघांच्या स्मरणार्थ, त्यांच्या घरांना मदत म्हणून, आम्ही दौड ठरवली. आखणी माझ्याकडे आली, कारण वही माझ्याकडे असते.

दौड अग्निशमन केंद्राच्या फाटकापासून सुटणार होती, पुढे बंब. बंब फाटकाबाहेर पडला की भोंगा वाजतोच, चालकाचा हात आपसूक जातो. म्हणून आदल्या संध्याकाळी केंद्रावर जाऊन चालकाला समोरासमोर सांगितलं. तो हसला.

"काय ओ मॅडम, वहीत आमच्या चहाचं काही आहे, की नुसतं हे करू नका, ते करू नका?"

"चहा क्रमांक अकरा."

सातपुढे बरोबरची खूण केली.

दलात पाळी सकाळी सहाला बदलते. मला ते माहीत होतं. चहा दोन्ही पाळ्यांसाठी सांगितला होता. भोंग्याचं मात्र एकाच पाळीला सांगितलं.

सव्वासहाला फाटक उघडलं, बंब बाहेर आला आणि भोंगा वाजला. धावणाऱ्यांना वाटलं, हीच खूण. सगळे सुटले. वहिनी कडेला उभ्या होत्या, झेंडा अजून गुंडाळलेलाच. नवा चालक उडी मारून खाली आला. "वहिनी, मला कोणी सांगितलंच नाही ओ!"

"तुमचं काय चुकलं," त्या म्हणाल्या. "भोंगा वाजला की निघायचंच असतं."

झेंडा माझ्या हातात देऊन त्या घराकडे चालू लागल्या. घर केंद्रामागच्या गल्लीतच. मी मागोमाग गेले. त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मुलीने अर्धवट टाकलेली उपम्याची ताटली ओट्यावर होती. त्यांनी तिच्यावर झाकण ठेवलं.

"ते जेवता जेवता उठायचे. मी ताट झाकून ठेवायची. त्या दिवशी रात्रीपर्यंत झाकलेलंच राहिलं. शेवटी सासूबाईंनी उचललं."

"चूक माझी आहे, वहिनी. दुसऱ्या पाळीला सांगायचं राहिलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इथे काय करताय? गेलेत ते सगळे परत आले का बघा आधी. मोजून घ्या."

मी परत गेले. फाटकाशी उभी राहून यादीतल्या एकेका नावापुढे खूण केली. शेवटचे आले ते एक निवृत्त शिक्षक, लंगडत. मग पुन्हा गल्लीत गेले.

"सगळे आले, वहिनी."

त्यांनी मान हलवली. ओट्यावरची ताटली अजून झाकलेलीच होती.