प्लॉट नऊचा ओला कागद

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. वनस्पतिशास्त्र शिकलेय आणि स्वभावही जरा खवचट — कुणाच्या अंगात आलं तर मी आधी त्याचा ताप बघेन. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण तीन वर्षं पोटात ठेवलं, आता पुरे.

आम्ही कोलकात्याचे जुने मराठी. माझा जन्मच भवानीपूरचा, ऑफिस एस्प्लनेडला. काम असं — कुठे खाण निघणार असली की परवानगीआधी तिथे झाडंझुडपं काय आहेत, पाणथळ जागा आहे का, याची पाहणी करून अहवाल द्यायचा. पाहणी एकाच ऋतूची, तीही पावसाळा सोडून. नियमच तसा आहे.

त्या चैत्रात कोळशाच्या पट्ट्यात गेले होते, ट्रेनने चारेक तासांवर. वाट दाखवायला गावातले हाराधनदा होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. प्लॉट नऊ म्हणजे एक उथळ, भेगाळलेला खळगा. खाणीतून निघणाऱ्या मातीचा ढिगारा तिथेच टाकायचं ठरलेलं. मी यादी संपवून निघाले तेव्हा हाराधनदा म्हणाले, "दीदी, एखाने जोल थाके." आषाढात इथे कमरेइतकं पाणी असतं, गाव इथूनच मासे नेतं, शुशनी नावाची पाण्याकाठची पालेभाजी नेतं, असं सांगत होते.

मी लांब गिरमिटाने माती काढून पाहिली. दोन फुटांपर्यंत ठणठणीत कोरडी. जमीन वाचवायला गावकरी असं सांगतातच, असं मनात म्हटलं आणि फॉर्मवर लिहिलं — पाणथळ जागा: नाही. नमुना म्हणून एक वाळकं गवत ढेकळासकट उपटून कागदात घातलं. हाराधनदांनी गमछ्याने तोंड पुसलं आणि ते पुढे चालू लागले.

नमुने जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवायचे आणि रोज कागद बदलायचा, ही आमची पद्धत. मी ते घरी गॅलरीत करते. तिथेच आईने कुरडया घातल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी बाकी सगळे नमुने कुरकुरीत झाले. प्लॉट नऊचा कागद मात्र ओला! पिळला तर पाणी निघेल इतका.

"आई, यावर पाणी सांडलंस?"

"मी कशाला तुझ्या गवताला पाणी घालू? माझ्या कुरडयांच्या जागेवर पसारा मांडतेस, वर मलाच विचारतेस!"

कागद बदलला. सकाळी पुन्हा ओला. मग खोलीत नेला, वरून इस्त्री फिरवली, पंख्याखाली ठेवला... पुन्हा ओला. कोलकात्याची हवा दमट, हे मलाही माहीत आहे. पण आईच्या कुरडया त्याच हवेत खडखडीत वाळल्या होत्या.

पाचव्या दिवशी त्या ढेकळातून चार पानांची एक हिरवी डहाळी डोकावत होती. शुशनी.

आता यातलं अर्धं मला समजतं. शुशनीची कडक बोंडं कोरड्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, पाणी मिळालं की फुटतात. पण पाणी कुठून मिळालं? आईने वाकून डहाळीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "कोणी काही सांगत होतं का गं तुला तिथे?"

मी अहवालाची फाईल काढून प्लॉट नऊचं पान उघडलं.

अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. तो तसाच गेला असता तर हाराधनदांच्या गावाचं पाणी कायमचं मातीखाली गेलं असतं — माझ्या सहीने. मी 'नाही' खोडलं आणि लिहिलं: पावसाळ्यात पुन्हा पाहणी केल्याशिवाय सांगता येणार नाही.

साहेब भडकले. "अहवाल अडकवायला आधार काय?"

ओल्या वर्तमानपत्राचं नाव काढलं असतं तर दुसरी नोकरी शोधावी लागली असती. म्हटलं, "गावातल्या माणसाने सांगितलंय." बराच वेळ कुरकुरले, पण शेवटी पाठवला.

अहवाल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कागद कोरडा होता. डहाळी दाबली गेली होती, नेहमीच्या नमुन्यासारखी.

श्रावणात पुन्हा गेले. प्लॉट नऊमध्ये कमरेइतकं पाणी, काठाला शुशनीच शुशनी. मोजमाप झालं, नोंद झाली, पुढे ढिगाऱ्याची जागा नकाशावर दुसरीकडे गेली. हाराधनदांनी मला आईसाठी भाजीची जुडी बांधून दिली. मग अगदी सहज विचारलं — दीदी, त्या दिवशी तर माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला नव्हतात. मग नंतर असं काय पाहिलंत?

काय सांगणार? की तुमच्या शब्दापेक्षा मला एक ओला कागद खरा वाटला? मी मान खाली घालून जुडी पिशवीत भरत राहिले. तो कागद का ओला झाला, ते मला आजही माहीत नाही. त्यांना काय उत्तर द्यायचं, तेही नाही.