सुयांच्या उशीतली लोकर

आमच्या घरात दोन कात्र्या आहेत. एक माझी, कापडाची. एक यांची, मेंढीची. दोघांच्याही हातात धार असून संसार बावीस वर्षं टिकला, याचं लोकांना नवल वाटतं. मला तर रोजच वाटतं.

हे मेंढ्यांची लोकर कातरतात. आसपासच्या सगळ्या कळपांवर यांचीच कात्री फिरते, म्हणून पोरंसोरं यांना कातरकाका म्हणतात. बोलणं कमी, काम सफाईचं. मेंढीला अशी मांडीवर घेतील की तिला वाटावं, आपल्याला जोजवतायत. पाच मिनिटांत सगळी लोकर सबंध उतरवून ठेवतील, अंगावर एक ओरखडा नाही. एवढी माया माणसांच्या वाट्याला येत नाही हो. मला विचारा.

यांचा स्वतःचाही कळप आहे, त्रेचाळीस मेंढ्यांचा. काय वर्णन करू? उंची माझ्या गुडघ्याच्या जरा वर. कान बोटाच्या दोन पेरांएवढे. डोळ्यांभोवती काळी कडा, कोणी घाईघाईत काजळ फासल्यासारखी. आणि पोटाला, पायांना लोकरच नाही! लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, मेल्यांना काहीतरी रोग झालाय. तसं बोलूनही गेले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते इतकंच, "अगं, पोटाला लोकर असती तर चिखल चिकटून ओली राहिली असती ना."

शेजारच्या भावोजींकडे मोठ्या पांढऱ्या मेंढ्या आहेत. ऐटदार, लोकर दुप्पट. पण चिखलाचे दिवस आले की त्यांचे खूर सडतात आणि डॉक्टरांची जीप दर आठवड्याला दारात. आमच्या बुटक्या मात्र काळ्या टणक खुरांनी दगडांवरून टणाटण उड्या मारत टेकडीच्या माथ्यावर. काटेरी झुडपांचा पाला मिटक्या मारत खातात. पाऊस आला तरी झाडाखाली जात नाहीत, कारण त्यांची लोकर दुहेरी. वर लांब राठ केस, त्यांवरून पाणी ओघळून जातं. आत आखूड मऊ लव, ती ऊब धरते. रेनकोट आणि स्वेटर दोन्ही अंगचेच, मग कशाला कोणाची भीड!

आता माझं दुखणं ऐका. लग्नाचा पहिला वाढदिवस होता. मी नटूनथटून बसलेली. हे आले आणि माझ्या हातावर लोकरीचा एक गुच्छ ठेवला. कळपातल्या सगळ्यात चांगल्या मेंढीची म्हणे, वरचे केस, आतली लव, सगळं मुळापासून. दोऱ्याने बांधलेला, वर चिठ्ठी. अशी तळपायाची आग मस्तकात गेली म्हणून सांगू! माझ्या लग्नातल्या ब्लाउजचं कापड उरलं होतं. त्याची एक छोटी उशी शिवली, गुच्छ चिठ्ठीसकट आत कोंबला आणि त्यात खसाखसा सुया खुपसल्या. राग निघाला. वर फायदा असा की लोकरीला अंगचं तेल असतं, सुया गंजेनात.

माणसाने एकदा तरी धडा घ्यावा? छे! दर वाढदिवसाला गुच्छ. मीही हट्टी. दर वर्षी नवी उशी, त्या वर्षातल्या माझ्या आवडत्या कापडाची. लेकीच्या पहिल्या फ्रॉकची, सासूबाईंच्या शेवटच्या साडीची. प्रत्येकीवर दोऱ्याने वर्ष भरलेलं. एकवीस झाल्या. दोन मांजराने फाडल्या, उरल्या एकोणीस. शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर ओळीने.

गेल्या वर्षी सरकारी पत्र आलं. टेकडीवरचं कुरण यापुढे फक्त नोंद झालेल्या वाणांना मिळणार. आमच्या बुटक्या वेगळं वाण आहेत असं सिद्ध झालं तर त्यांची नोंद होईल, नाहीतर कुरण मोठ्या पांढऱ्या मेंढ्यांच्या योजनेला जाईल. कुरण गेलं म्हणजे कळप विकायचा, दुसरं काय? हे पत्र वाचून त्या रात्री जेवले नाहीत. हे जेवले नाहीत म्हणजे समजा, आभाळच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी यांनी नोंदीचा अर्ज पाठवला. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, 'तपासणीच्या दिवशी जनावरे स्वच्छ व नीटनेटकी असावीत.'

झालं! कातरणाऱ्याला स्वच्छ आणि नीटनेटकी म्हटल्यावर तो काय करणार? मी दोन दिवस एका लग्नाच्या कपड्यांत मान वर न करता बसलेली. तेवढ्यात यांनी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मेंढ्या साफ कातरल्या. कातरणीला अजून महिना होता, तरी! आणि लोकर त्याच संध्याकाळी टेम्पोत घालून गिरणीला पाठवून दिली, सगळी एकत्र पिंजायला, गोठा मोकळा दिसावा म्हणून.

तपासनीस बाई सकाळी आल्या. गळ्यात टेप बघून मला बरं वाटलं, आपल्यातलीच वाटली. सगळं मोजलं बाईंनी. उंची, कान, शेपूट, खूर. "सुरेख! असे खूर मी कुठेच पाहिले नाहीत," म्हणाल्या. यांची छाती हातभर फुगली. मग बाईंनी एका मेंढीच्या पाठीवर बोटं फिरवली. परत फिरवली.

"काका, अर्जात दुहेरी लोकर लिहिलीय. मुख्य खूण तीच आहे. ती कुठाय?"

यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "मी... पाहुणे येणार म्हणून..." एवढंच फुटलं तोंडातून.

"मला तीन पिढ्यांचे नमुने लागतात हो. यादी या महिन्यात बंद होतेय. पुढच्या वर्षी येऊन काय उपयोग?" बाई वाईट नव्हत्या.

हे तिथेच गव्हाणीच्या कडेवर बसले. हातातली कात्री जमिनीवर ठेवली. बावीस वर्षांत मी यांना कात्री जमिनीवर ठेवताना पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, जरा आत या."

फळीवरच्या एकोणीस उश्या मी मशीनवर ओतल्या. सुया उपसून बशीत टाकल्या आणि उसवायला बसले. माझी शिवण पक्की, लवकर उसवेना, स्वतःलाच शिव्या घातल्या. पहिल्या उशीतून गुच्छ निघाला तो कालच कातरल्यासारखा. वर राठ केस, खाली लव, दोन थर स्वच्छ वेगळे. बाईंनी चिठ्ठी उलगडली. 'काजळी. मुळीची मुलगी.' पुढच्या उशीत 'ठुशी. काजळीची मुलगी.' तिच्या पुढच्या एकीत ठुशीची मुलगी. एकवीस वर्षं त्या चिठ्ठ्या मी कोंबत आले आणि एकही वाचली नव्हती, लाज वाटली हो. बाई एकेक गुच्छ भिंगाखाली धरत होत्या आणि हसत होत्या. "तीन मागितल्या होत्या, इथे पाच पिढ्या आहेत!"

शेवटी उरली लग्नाच्या ब्लाउजची उशी.

"ती राहू दे," हे दारातून म्हणाले.

"गप्प बसा," मी म्हटलं, आणि उसवली. सगळ्यात जुनी आजी त्यातच होती, मुळी.

बाईंनी फॉर्म भरला. एक रकाना उरला, नमुने जतन करणाऱ्याचं नाव. त्यांनी पेन उचलून यांच्याकडे पाहिलं.

"माझं नको, हिचं लिहा," हे म्हणाले.

"नाव काय?"

बावीस वर्षं मी 'अगं' आहे, 'ऐकलंस का' आहे. कळपातल्या त्रेचाळीस जणींना हे नावाने हाक मारतात, मला कधीही नाही. यांनी माझं नाव सांगितलं. सावकाश, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट, बाईंना एक अक्षर चुकू नये म्हणून. मी मशीनकडे तोंड करून चिंध्या गोळा करत राहिले. रडले. खोटं कशाला बोलू?

तीन आठवड्यांनी पत्र आलं, नोंद झाल्याचं. कुरण आमच्याच बुटक्यांचं राहिलं. भावोजी पेढे मागायला आले तर यांनी त्यांना खुरांवर अर्धा तास ऐकवलं. एरवी वर्षभरात एवढं बोलत नाहीत.

पुढच्या आठवड्यात लग्नाचा वाढदिवस. मेंढ्यांच्या अंगावर लोकर ती किती? महिन्याभराचे नुसते खुंट. तरी हे आलेच. तळहातावर चिमूटभर लोकर, एका सुईला पुरेल एवढी, दोऱ्याने बांधलेली. मी आधी चिठ्ठी वाचली. मग ब्लाउजच्या उसवलेल्या कापडातून बटणाएवढा तुकडा कापला आणि उशी शिवायला बसले.