पहिलं नाव

दीप्तीबाई थकल्या होत्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता उभं आयुष्य गेलं, आणि विभागप्रमुखाची खुर्ची मिळाली ती निवृत्ती दारात येऊन बसल्यावर. जाता जाता वरचा हुद्दा मिळायचा तर पहिल्या नावाचा आणखी एक शोधनिबंध हवा होता. तो आज उन्नती आयताच घेऊन आली.

उन्नती त्यांच्याकडे पीएचडी करत होती. नागपूरच्या उन्हात मोपेडवर बाटल्या लादून तिनं खेड्यापाड्यांतल्या विहिरींचं पाणी गोळा केलं, तपासलंही तिनंच. पण निबंधावर पहिलं नाव दीप्तीबाईंचं. विभागाची रीतच तशी. जुने प्रमुख देवराव सर प्रयोगशाळेत पाय ठेवत ते दसऱ्याला उपकरणांच्या पूजेपुरता, तरी प्रत्येक निबंधावर पहिलं नाव त्यांचंच. आयत्या बिळावर नागोबा! एकदा दीप्तीबाईंनी यावरून वाद घातला, तेव्हा सरांनी त्यांच्या निबंधावरून आपलं नाव काढून घेतलं. विभागात त्याचा अर्थ एकच होता, बाई सरांच्या मनातून उतरल्या. पुढे कितीतरी महिने कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही.

आता निबंध छापणाऱ्या नियतकालिकानं विचारलं होतं, कोणत्या लेखकानं काय काम केलं? दीप्तीबाईंच्या नावापुढची जागा कोरी होती.

"मॅडम, इथं काय लिहू जी?"

दीप्तीबाईंनी आठवून पाहिलं. सह्या केल्या होत्या. दोनचारदा चहा पाजला होता. मसुदा तर टेबलावर तसाच पडून होता, वाचायचंही त्राण उरलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. हुद्द्याचा मोह होता, नाही कशाला म्हणा; पण आता खोटं लिहिण्याचा शीण त्याहून मोठा होता. त्यांनी आपलं नाव खोडलं.

उन्नतीचा चेहरा पडला. "माह्यं काही चुकलं का मॅडम? लोक म्हणतीन, मॅडमनं हिले टाकलं."

"काही चुकलं नाही वं. काम तुह्यं, तं नाव बी तुह्यंच. मले खाली आभारात ठेव."

ती 'हो' म्हणाली, पण गेली ती डोळे पुसतच.

कॉलेज सुटताना विभागातले पियुष सर दारात आले. आवाज खाली आणून म्हणाले, "उन्नतीच्या निबंधावरून तुमी नाव काढलं म्हणे, मॅडम. काय केलं जी पोरीनं?"

"सगळं काम तिनंच केलं," दीप्तीबाई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

पियुष सर खरं कारण ऐकायला तसेच उभे राहिले.