गल्लीचा तारा

सासऱ्याच्या माडीवर बसून तारे पेटवणारा जावई अख्ख्या बुऱ्हाणपुरात एकच झाला, आणि तो आमच्या घरात आला, याचा मला आजही अभिमान वाटतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांच्या गावी, डोईफोडियात, वीज पाहुण्यासारखी यायची, म्हणून ते शहरात, इतवारा मोहल्ल्यात आमच्याकडेच राहायला आले. लोक हुंड्यासाठी सासर धरतात, यांनी व्होल्टेजसाठी धरलं.

वायूचा अवाढव्य ढग स्वतःच्याच भाराने आत कोसळतो, मधे तारा तापतो, आणि त्याचाच प्रकाश उरलेल्या वायूला बाहेर ढकलतो. मग मोठे तारे वाढतात तरी कसे, हे दाजी संगणकावर गणित मांडून बघत होते. जेवतानाही तेच. आईने कुकर उघडला की वरण राहायचं बाजूला, हे आपले वाफेकडे बघत बसायचे. एकदा ताई वैतागली, "तो तारा जेवायला घालणार आहे का आपल्याला?" दाजी गंभीरपणे म्हणाले, "आधी त्याचं पोट भरू दे."

पण ते काही भरत नव्हतं. शेवटचा टप्पा सलग चालवावा लागे आणि तो एका रात्रीत संपत नसे. दुपारी गल्लीतले कूलर लागले की व्होल्टेज पडायचं, संगणक बंद, आणि तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून. दाजींचा चेहरा बघवत नसे.

त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन ज्येष्ठात आला. जावयाला वाण द्यायचं म्हणून आईने अनारसे तळले, वडिलांनी चांदीचं निरांजन आणलं. दाजींनी हात जोडले. "मला एक दुपार द्या. गल्लीतले कूलर बंद." वडिलांनी निरांजन खाली ठेवलं. पण आमच्याकडे घरचा जावई तो गल्लीचा जावई, त्याने तोंडाने मागितलेलं वाण नाकारायचं कसं? वडील स्वतः दारोदार फिरले. समोरचे काशीनाथकाका घाम पुसत म्हणाले, "बंद करतो भाऊ, लेकिन तारा पक्का निघाला पाहिजे हं!"

त्या दुपारी इतवारा नुसता भाजत होता, पण एकही कूलर घरघरला नाही. आई जावयाला सोडून संगणकालाच पंख्याने वारा घालत होती. संध्याकाळी पडद्यावर एक पांढरा ठिपका टिकला. प्रकाशाने वरून-खालून वाट काढली होती आणि कडेने वायू आत येतच होता. दाजी लहान मुलासारखे रडले.

काशीनाथकाका वाकून म्हणाले, "बस, इतकासाच?"

"काका, सूर्याहून कितीतरी मोठा आहे."

"असणारच ना! आपल्या गल्लीचा आहे." आणि पेढे त्यांनीच वाटले.

दाजी आता पुण्यात मोठ्या संगणकांपाशी असतात. तिथे वीज जात नाही, कोणाला काही मागावंही लागत नाही. आमची माडी बंद असते. तरी उन्हाळ्यात पहिल्यांदा कूलर लावताना काशीनाथकाका बटणावर हात ठेवून वरच्या खिडकीकडे बघतात आणि ओरडतात, "जावईबापू, लावू का?"

"लावा काका," मीच खालून सांगतो. तेवढं म्हणताना दाजींची फार आठवण येते.