रेषा नसलेला नकाशा

शाळेत मुली बाईंना ‘होकायंत्र’ म्हणायच्या. एकतीस वर्षं भूगोल शिकवून बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, पण सवय जाते थोडीच? घरातसुद्धा “चहाचा डबा ईशान्य कोपऱ्यात आहे” असंच सांगणार. नवरा म्हणायचा, “होकायंत्राची सुई उत्तरेला तरी थांबते. ही बया कुठेच थांबत नाही!”

त्यांची लेकही त्याच शाळेत भूगोल शिकवत होती. त्या दिवशी पहाटेच ती नववीच्या तीस मुलींना घेऊन डोंगरातल्या तळ्याकडे पायी गेली होती. वाटेचा नकाशा बाईंनीच काढून दिला होता. वर झेरॉक्स प्रतीवर पट्टी ठेवून ठरवूनही टाकलं होतं, “सात किलोमीटर तर आहे. एकेक बाटली पाणी पुरे.”

आठ वाजता टेबल आवरताना नकाशाची उरलेली प्रत मूळ कागदावर पडली आणि बाईंनी घाईघाईने पट्टी काढली. मूळ कागदावर वाट चौदा सेंटिमीटर, प्रतीवर सात! झेरॉक्सवाल्याने पानात बसावा म्हणून नकाशा निम्मा केला होता. खाली बाईंच्या अक्षरात मात्र तसंच, ‘एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर.’ नकाशा लहान झाला, शब्द कसे लहान होणार? म्हणून तर खाली मापाची रेषा आखायची, ती नकाशाबरोबर आकसते. रेषा विसरणाऱ्या मुलींचे दोन-दोन गुण बाईंनी आयुष्यभर कापले. आणि काल घाईत स्वतःच विसरल्या.

म्हणजे चौदा किलोमीटर. वाटेत ना झाड, ना पाणी.

लेकीचा फोन लागेना. बाई खिडकीशी गेल्या, दाराशी गेल्या, पुन्हा फोन लावला. शाळेत विचारलं, तर कारकून म्हणाला, “डोंगरात रेंज नसते हो.” नवरा म्हणाला, “अगं, बस जरा.”

“कशी बसू? लोकांच्या तीस पोरी आहेत! माझी एक आहे!”

ऊन चढत गेलं. बाईंनी पाण्याचा पेला हातात धरला की मुलींचे सुकलेले ओठ दिसायचे. तीनपासून त्या शाळेच्या फाटकाशी येरझारा घालत होत्या.

पाचला मुली आल्या. धुळीने माखलेल्या, पण हसत, खिदळत. बाईंनी भराभर डोकी मोजली. तीस. सगळ्यांत शेवटी लेक.

“पाणी?” बाईंना एवढंच विचारता आलं.

“तीन-तीन बाटल्या नेल्या होत्या. आणि तळ्यापर्यंत गेलोच नाही, अर्ध्यावरून फिरलो.” लेकीने पिशवीतून नकाशा काढला. खालच्या मोकळ्या जागेत लाल शाईने ‘दोन गुण वजा’ लिहिलं होतं. “दहावीत याच रेषेपायी माझे कापले होतेस. तीन दिवस बोलले नव्हते तुझ्याशी. काल रेषा दिसली नाही, तेव्हा मूळ कागद काढून मोजला.”

“मग मेले, मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर रात्रभर येरझारा घातल्या असत्यास.”

“आणि आज दिवसभर घातल्या त्या?” म्हणता म्हणता बाईंना रडू फुटलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्या फाटकाच्या पायरीवर मटकन खाली बसल्या.