राक्षस, घरमालकीण आणि आमच्या सोसायटीचा फॉर्म

विनोदी अद्‌भुत कादंबऱ्यांचा नाद मला मुलीने लावला. रविवारी मी आठवड्याच्या कामांची यादी करायला बसले, की ती समोर बसून मोठ्याने वाचायची. त्या रविवारी एक राक्षस शहरात भाड्याने खोली शोधत होता. घरमालकीण बुटकी, फार सभ्य. त्याला चहा देते, जेवायला दगड कुठले लागतात ते विचारते आणि शेवटी म्हणते, "आमचं काही नाही हो, शेजाऱ्यांना चालत नाही." शेजारी कोण, तर एक भूत आणि दोन चेटकिणी. हसून हसून आमचं पोट दुखलं.

त्याच संध्याकाळी दोघी अनोळखी मायलेकी भाड्याच्या फ्लॅटसाठी आमच्या घरी आल्या. रावेतच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. लेक चाकणच्या कंपनीत क्वालिटीला, आई लातूरकडची. आधीच्या दोन सोसायट्या 'कळवतो' म्हणाल्या, कळवलं कुणीच नाही. जुनी खोली महिनाअखेरीस सोडायची होती.

फॉर्म भरताना लेकीचं पेन नवव्या रकान्यावर थांबलं. समाज.

"लिही की गं, बौद्ध म्हणून," आई म्हणाली. "चोरी केली का आपण?"

मी घाईने म्हणाले, "आमचं काही नाही हो, कमिटीतले विचारतात."

सोफ्यावरच्या माझ्या मुलीने पुस्तकातून मान वर केली. हसली नाही, तेच लागलं.

दुःखाच्या गोष्टीतला वाईट माणूस मला लगेच ओळखू येतो, आणि तो मी नसते. हसताना मात्र मी बेसावध असते; ती घरमालकीण मीच निघाले. तो रकाना दुसऱ्या सोसायटीच्या फॉर्मवरून मीच उतरवला होता, काही विचार न करता.

मी फॉर्म मागून घेतला, नववा रकाना खोडला. दहावाही, आहाराचा.

"लिहिते ना मॅडम," लेक म्हणाली. "मला लाज नाही त्याची."

"ते दिसतंय. विचारणंच चुकलं."

कमिटीच्या बैठकीत एक काका म्हणाले, "आडनावावरून काही कळत नाही हो."

"कळायचं काय आहे? नोकरी आहे, कागद पूर्ण आहेत." मी सह्यांसाठी फॉर्म पुढे सरकवला. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत उठले नाही.

एक तारखेला टेम्पो आला. पाण्याच्या वेळापत्रकाची झेरॉक्स घेऊन मी त्यांच्याकडे गेले. आई खोक्यांमध्ये बसली होती.

"चष्मा कुठल्या खोक्यात हाय, देव जाणे," ती म्हणाली. "बसा ताई, तोंडीच सांगा."

मी एक खोकं सरकवून बसले.